आत्यानं ठेवलेलं नाव

काडेपेटीत, कापसाच्या पिवळट बोळ्यावर ती बसली होती. एवढीशी, करंगळीच्या नखात मावेल अशी सोन्याची बाळी, एका बाजूनं किंचित चेपलेली. ती चिमटीत धरून खिडकीच्या उजेडाकडे नेताना सटवाजींच्या लक्षात आलं, की आपला दुसरा हात आपल्याला न विचारता उजव्या नाकपुडीवर जाऊन थांबलाय. तिथं खूण अजून आहे. मोहरीएवढा खळगा. दाढी करताना रोज दिसतो, आणि रोज दिसत असल्यामुळं दिसत नाही...

"आबा, ही कुणाच्या नाकातली?"

उज्ज्वला, त्यांची सून, मागं उभी होती. रविवारी तिच्या नातवाचं, अभिमन्यूच्या मुलाचं, म्हणजे त्यांच्या पणतवाचं बारसं. बाळाच्या अंगावर घालायला जुनं काही सापडतं का म्हणून तिनं सासूचा, वत्सलाबाईंचा डबा उघडला होता. वत्सलाबाई गेल्यापासून तो डबा कुणी उघडला नव्हता.

"माझ्या," ते म्हणाले.

"तुमच्या? बाई गं! तुमचं नाक टोचलं होतं?" ती पदर तोंडाला लावून हसली. "अभिमन्यूला सांगते थांबा. पणजोबा नथ घालायचे म्हणावं."

तेही हसले. पुढचं सांगावं असं वाटलं, पण सुरुवात कुठून करायची ते ठरेपर्यंत ती स्वयंपाकघरात गेली होती. त्यांचं नेहमी असंच व्हायचं. बोलणं मनात नीट लावून होईपर्यंत समोरचं माणूस उठून गेलेलं असायचं. शिवाय बारशाच्या घरात ते सांगावं की नाही, हाही प्रश्नच होता. आधीचं मूल गेलेलं असलं, की नंतरच्या मुलाचं नाक टोचतात. त्याला केरात लोळवतात, पसाभर बाजरीला शेजारणीला विकतात आणि परत घेतात. आणि नाव असं ठेवतात, की ऐकणाऱ्याला हेवा वाटू नये, मरणालाही वाटू नये. दगडू. केरबा. कडूबाई. सटवा...

परळीच्या एका शाळेच्या ग्रंथालयात त्यांचं आयुष्य गेलं होतं. पुस्तकं द्यायची, परत घ्यायची. दुपारी, तास चालू असताना, वाचायची. नावांचा नाद तिथंच लागला. खिडकीशी येणारं प्रत्येक पोर एक नाव सांगायचं, आणि पोर गेल्यावर ते नाव त्यांच्याजवळ राहायचं. आडनावांवरून त्यांना गावं दिसत, कुणाची धंद्यावरून पडलेली, कुणाची खापरपणजोबाच्या एखाद्या खोडीवरून. आंधळे आडनावाच्या डोळस मुलाला ते मन लावून पुस्तक शोधून देत. हळूहळू लोक घरी येऊ लागले. सर, 'च' आलाय, मुलीचं नाव सांगा. सर, 'ल' वरून काही तरी वेगळं. ते अर्थ सांगत, मूळ सांगत, आणि सांगून झाल्यावर रात्रभर वाटत राही, की आपण चुकीचं तर नाही ना सांगितलं. आता कुणी येत नाही. मोबाईल सांगतो. परवाच अभिमन्यूनं पडदा त्यांच्यापुढं धरला होता. "आजोबा, कियांश. ज्याच्यात सगळे गुण आहेत तो." त्यांना त्या शब्दाचं मूळ कुठंच सापडेना. पण आपल्याला सापडत नाही म्हणजे नसेलच असं नाही, म्हणून ते गप्प बसले.

एकच नाव त्यांना पाहिजे होतं. ते कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

कापसाचा बोळा काडेपेटीत परत दाबताना फोन वाजला. घाटनांदूरहून मंगल, जानकीबाई आत्याची सून.

"भाऊजी, आत्याबाईंनी भाकर सोडलीय बगा. नुसतं च्याचं पाणी. डॉक्टर म्हनला वय झालंय. तुमी यून जावा. आज आलाव तर बरं."

आज आलाव तर बरं. ते कपडे घालून निघाले. उज्ज्वला म्हणाली, संध्याकाळी हे गाडी घेऊन येतील, त्यांच्याबरोबर जा. ते नको म्हणाले. कुणी बरोबर असतं तर त्यांना विचारता आलं नसतं.

पॅसेंजरमध्ये खिडकी मिळाली. बाकावर राखेचा पातळ थर होता; बोटानं पुसला आणि बोट धोतराला पुसलं. औष्णिक केंद्राच्या चिमण्या मागं पडल्या, मग काळी रानं आली, कापसाची पांढरी टिंबं, तूर...

एक होता माझ्या आधी. आईनं एवढंच सांगितलं होतं. तेही चुकून. कुणीतरी बाई आली होती, तिच्याशी बोलताना, "हा दुसरा, पहिलं लेकरू गेलं." मी दारात उभा होतो. पहिलं लेकरू. नाव नाही, काही नाही. ती बाई गेल्यावर विचारलं, आई, त्याचं नाव काय होतं? आईनं चुलीत फुंकर घातली. इतका वेळ फुंकत राहिली, की जाळ चांगला लागलेला असूनही तिला डोळे पुसायला निमित्त मिळालं. पुन्हा विचारलं नाही. वडिलांना तर विचारण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या वेळच्या माणसांत मेलेल्या लेकराचं नाव तोंडात आणत नसत. नाव घेतलं, की ते मागं वळून बघतं म्हणे. मागं वळून बघितलं, की पाठच्या भावंडाला बोलावतं. म्हणजे मला. माझ्यासाठी ते नाव पुरलं होतं...

ग्रंथालयात, एका दुपारी, त्यांनी वाचलं होतं, की तुर्क लोक अशा मुलाचं नाव दुरसून ठेवतात. दुरसून, म्हणजे थांबो. आफ्रिकेत योरुबा लोकांमध्ये मालोमो असं नाव आहे: आता पुन्हा जाऊ नकोस. ज्यू लोक आजारी बाळाचं नाव बदलून आल्टर, म्हणजे म्हातारा, ठेवत. मरणाचा दूत बाळाला न्यायला आलाच, तर त्याला तिथं एक म्हातारा सापडावा. ते वाचताना सटवाजींना इतका आनंद झाला, की कुणाला तरी सांगावं म्हणून त्यांनी मान वर केली. समोर रिकामी बाकं होती. जगात कुठं कुठं, एकमेकांना न ओळखणाऱ्या आया एकच युक्ती करत होत्या. आणि त्याच पानावर खाली होतं, की युरोपात एके काळी गेलेल्या मुलाचंच नाव पुढच्या मुलाला देत. त्यांनी पुस्तक मिटलं होतं. ते नाव आपल्याला दिलं असतं तर... निदान ते आपल्याजवळ राहिलं असतं.

आता एकच माणूस उरलं होतं ते जाणणारं. आत्या. नाव आत्यानंच ठेवायचं असतं, पाळण्यात वाकून, बाळाच्या कानात. जानकी आत्यानं त्याचं ठेवलं, मग माझं. लग्नाकार्यात, दिवाळीत, वडिलांच्या दहाव्याला, किती वेळा तिच्याजवळ बसलो, आणि प्रश्न घशापर्यंत यायचा. एकदा तर, "आत्या, आमच्यात एक आधी..." इथपर्यंत आलो होतो. तेवढ्यात कुणीतरी चहा आणला.

आणि आता तर मनात आणखी एक होतं. ते त्यांनी स्वतःलाही पुरतं कबूल केलं नव्हतं. नाव कळलं, आणि ते गोड असलं, तर रविवारी सहज सुचल्यासारखं सांगायचं. जुनं नाव आहे, अर्थ चांगला आहे. कुणाला काय कळणार? घरात एक पोर त्या नावानं पळेल. उज्ज्वला त्याला त्या नावानं जेवायला हाक मारेल. आपण खुर्चीत बसून ऐकू... हे बरोबर की वाईट? असल्या गोष्टी आपण मानत नाही. मानत नाही, तर मग उज्ज्वलाला सांगायची भीती का वाटते?

घाटनांदूरच्या गल्लीत निम्म्या घरांना कुलपं होती. माणसं ऊसतोडीला गेलेली. मंगल दारातच तुरी निवडत बसली होती. आत सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्पीला लागून बाज, आणि बाजेवर गोधडीच्या घडीसारखी आत्या.

"कोन हाय गं?"

"परळीचे भाऊजी आलेत, आत्याबाई."

"सटू?"

सर, आबा, आजोबा, बँकेत सटवाजीराव. वत्सलाबाईंनी जन्मभर अहो म्हटलं. सटू म्हणणारं हे एकच तोंड. ते बाजेच्या कडेवर बसले. तिनं हात चाचपत त्यांचं मनगट धरलं.

"लई वाळलास. सून जेवाया घालती का न्हाई?"

"घालते आत्या. चांगलं घालते."

"मंग अंगाला कावून लागंना?"

"आत्याबाई, सोता चार दीस उपाशी, आन् दुसऱ्याला इचारताव व्हय?" मंगल म्हणाली.

"तू गप. तुज्या हातची भाकर खाल्ली तर ह्योबी माज्यासंगं वर यील."

"बगा भाऊजी! जीव चाललाय, पर जिबीला हाड न्हाई." मंगल हसत उठली. "बसा, च्या टाकते. शेळीचं दूद काडून आनते."

ती परसात गेली. शेळीशी तिचं बोलणं ऐकू यायला लागलं. सटवाजींनी मनात वाक्य लावलं, मोडलं, पुन्हा लावलं. आणि मग, ते लावून व्हायच्या आतच, तोंडातून गेलं.

"आत्या, माझ्या आधीचा जो होता, त्याचं नाव काय गं?"

तिच्या बोटांची त्यांच्या मनगटावरची पकड सैल झाली नाही, घट्टही झाली नाही. ती पत्र्याकडे बघत होती.

"कावून?"

"असंच."

"असंच कुनी इचारत न्हाई. घरात लेकरू झालंय न्हवं तुज्या?"

"हो. रविवारी बारसं आहे."

"मंग त्येच्याकरता पायजे तुला."

शाळेतल्या पोराची चोरी पकडावी तसे त्यांचे कान गरम झाले. नाही म्हणावं, तर खोटं. हो म्हणावं, तर...

"न्हाई सांगनार," ती म्हणाली.

"आत्या, आता किती वर्षं झाली. तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. तू..." त्यांनी जीभ चावली.

"म्या गेले की खलास. म्हनून तर जपलंय इतके दीस. तू हाईस तवर त्ये नाव ह्या घरात न्हाई निगायचं."

"मी शहात्तर वर्षांचा आहे आत्या."

"मंग? लई झालं का तुला?"

त्यांना हसू आलं. त्यांच्या जिवाची काळजी... आता कोण करतं? सून गोळ्यांच्या वेळा सांभाळते, मुलगा डॉक्टरकडे नेतो; ती काळजी वेगळी, तिच्यात ते म्हातारे असतात. ही बाई, तिच्यापुरती, अजून पाळण्याशी बसून होती. मरण दारात आहे, आणि आत एक बाळ आहे, आणि तिनं तोंड मिटून धरलंय.

तिला झोप लागली असं त्यांना वाटलं. मग ती बोलायला लागली, पत्र्याशीच.

"मला तवा तेरावं लागलंतं. लगीन झालंतं, पर नांदाया गेले न्हवते. पयलं भाच्चं. माय म्हनली, जानके, आत्या हाईस, तुला आवडंल त्ये ठिव." माय म्हणजे तिची आई, सटवाजींची आजी. "म्या आठ दीस हिंडले नाव हुडकत. बाया पानी भरत्यात तितं जाऊन बसले. कीर्तनाला गेले. मंग घावलं. आख्ख्या गावात कुनाचं न्हवतं. कानात सांगितलं, आन् समद्या बाया म्हनल्या, अगं बया, लई ग्वाड नाव हुडकलंस की."

"मग?"

"मंग काय. हाक मारली की वळून हसायचं. रांगाया लागलं. आन् एका दिसाच्या तापात गेलं."

परसातून भांड्यात दुधाची धार पडल्याचा आवाज येत होता.

"माय मला म्हनली, तुज्या नावानं नजर लागली. इतकं ग्वाड नाव ठिवतेत व्हय गं, भवाने. बास. तितून पुडं कुनी काय बोललं न्हाई. बोलायचं काय ऱ्हायलंतं?"

"आत्या, नावानं काही होत नाही गं. ताप..."

"तुला ठावं," ती म्हणाली. "तू शिकलाईस." त्यात टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं. "तुज्या टायमाला मला कुनी इचारलं न्हाई. माय म्हनली, सटवा म्हन. मी तुज्या कानात सटवा म्हनले. रडत हुते. तुज्या आईला वाटलं, खुशीनं रडती."

मी आयुष्यभर सांगत आलो, की माझं नाव माझ्या आत्यानं ठेवलं. विचारणाऱ्याला अर्थही सांगायचो: सटवाई, सहाव्या रात्री येऊन कपाळावर लिहिणारी, तिच्या ओटीत टाकलेला तो सटवा. अर्थ बरोबर होता. पण ते तिनं ठेवलेलं नव्हतं. तिनं जन्मात एकच नाव ठेवलं, आणि ते...

तिचे डोळे मिटले होते. श्वास संथ झाला. आणि मग ओठ हलायला लागले, अगदी थोडे, आवाज नाही, किंवा असलाच तर तो शेळीच्या आणि भांड्याच्या आवाजाखाली बुडालेला. सटवाजी वाकले. कान तिच्या ओठांपाशी नेला. मिश्रीचा वास, उबदार, ओलसर श्वास... इथं आपण पूर्वी एकदा होतो, असं त्यांना वाटलं. आठवण नव्हे ती. असूच शकत नाही. पण अंगाला काहीतरी ओळखीचं लागलं. ओठ पुन्हा हलले. तेरा वर्षांची एक पोरगी पाणवठ्यावर एकटी बसलीय, बायांची बोलणी ऐकत, एक एक नाव जिभेवर ठेवून बघत. आणि अजून तिला कुणी काही म्हटलेलं नाही...

ते सरळ झाले. ऐकू आलं नाही, की आपण ऐकलं नाही, हे त्यांना नंतर नक्की सांगता आलं नसतं.

चहा झाल्यावर आत्या जागी झाली, आणि एकदम तरतरीत आवाजात म्हणाली, "मंगल, मीठ-मोहऱ्या आन. ह्येची नजर काड."

"ह्या वयात?"

"काड म्हनले न्हवं!"

ते पाटावर बसले, हात गुडघ्यांवर ठेवून. मंगलनं मूठ ओवाळली, आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, पुटपुटताना तिला हसू आवरेना; आत्या बाजेवरून बजावत होती, नीट, उलट्या हातानं नको, पायापतुर आन. मंगलनं मूठ चुलीत टाकली. मीठ तडतडलं.

"किती तडतडलं बग," आत्या म्हणाली, आणि त्यांचा उष्टा चहा मागून घेऊन दोन घोट प्याली.

निघताना ते वाकून पाया पडल्यावर ती म्हणाली, "जपून जा. डब्यात दाराशी उबा ऱ्हाऊ नगंस." बस, एवढंच.

स्टेशनवर बसले असताना उज्ज्वलाचा फोन आला. "कशा आहेत आत्याबाई? तुम्ही जेवलात का? आणि आबा, नावाचं काहीतरी सांगा बरं. इथं रणकंदन चाललंय. अभिमन्यू कियांशवर अडून बसलाय, सुकन्या नाकं मुरडतेय."

सुकन्या, त्यांची नात. कॉलेजात होती. बाळाची आत्या.

"सुकन्याला काय आवडतं?"

"तिचं काय, रोज एक. तिला कोण विचारतंय!"

"तिला ठेवू दे," ते म्हणाले.

"आबा?"

"आत्या ती आहे. तिला आवडेल ते ठेवू दे. आपण कुणी मध्ये बोलायचं नाही. आणि हे बघ, उज्ज्वला, पुढं कधी... पुढं काही झालं तरी तिला..."

"काय होणार आहे?"

वाक्य मनात तयार होतं. पण बारशाच्या घरात, फोनवर, असं... "काही नाही," ते म्हणाले. "गाडी आली."

गाडी आली नव्हती. आली, तेव्हा उन्हं उतरली होती. ते दारापासून लांब, आतल्या बाकावर बसले. विचारायला हवं होतं का आणखी? हट्ट धरला असता, तर सांगितलंही असतं तिनं. किंवा नसतं. आता पुन्हा जाणं होईल का... आणि झालं, तरी आपण विचारणार नाही, हे कळलं, तेव्हा त्यांना वाटलं होतं तशी हळहळ झाली नाही. एक नाव आहे. ते एका पोरीनं प्रेमानं शोधलं होतं. कुठं तरी ते एकदा एका बाळाला आवडलं होतं, इतकं, की ते वळून हसायचं. मला कळून त्यात काय वाढलं असतं? मी त्याचा अर्थ सांगत बसलो असतो.

आणि मग, गाडी एका वळणावर हळू झाली असताना, एक इतकी साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली, की ते बाकावर पुढं सरकून बसले. नाव कळलं असतं, तरी मी ते कधी घेतलं नसतं. तो मोठा होता. तो जगला असता, तर आमच्या घरात थोरल्या भावाला नावानं हाक मारायची माझी काय टाप होती? वडील त्यांच्या थोरल्याला म्हातारपणीही अण्णा म्हणायचे. मग मी त्याला काय म्हटलं असतं? अण्णा? भाऊ? दादा?

सगळं आयुष्य दुसऱ्यांनी मारायची हाक शोधत होतो.

डब्यात गर्दी नव्हती. पलीकडच्या बाकावर एक बाई पोराला भरवत होती, तिचं लक्ष नव्हतं. चाकांचा आवाज चांगला मोठा होता. तरी त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं, घसा साफ केला, लाज वाटली, शहात्तर वर्षांचा माणूस, आणि तो तर अजून चालायलाही न लागलेला.

"दादा," ते हळूच म्हणाले.

बरोबर वाटलं नाही. सवय नव्हती. खिडकीबाहेर रानं मागं जात होती आणि त्यांना, आज पहिल्यांदा, नावाची नव्हे, त्याची आठवण येत होती, जी यायला काहीच कारण नव्हतं. तो कुठं बसला असता, पलीकडं की इथं शेजारी, आपल्याला खिडकी दिली असती का... त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं. मग भाऊ म्हणून पाहिलं. मग बाकावर थोडे आत सरकले, शेजारी एक जण मावेल इतके.